मर आणि ठ

मराठी हा एक शब्द आहे की दोन, असा प्रश्न मला इतक्या वर्षांत कधी पडला नव्हता. नवऱ्याच्या भाच्याने लिहिलेल्या वीसेक ओळींच्या प्रोग्रॅमने तो पाडला. त्या प्रोग्रॅमच्या मते ‘मराठी’ हे दोन शब्द आहेत: ‘मर’ आणि ‘ठ’. ‘पाणी’चेही दोन, ‘प’ आणि ‘ण’. ‘तंजावर’चे तीन: ‘त’, ‘ज’ आणि ‘वर’. ‘घर’, ‘पण’, ‘मग’, ‘गरम’ एवढे मात्र अखंड सुटले होते. पहिलीच्या पुस्तकात काना-मात्रा न शिकलेल्या पोरांसाठी जसे शब्द वेचून काढलेले असतात, तसे. बाकी सगळ्या यादीत खडे आणि कोंडा.

ही यादी माझ्या सासूबाईंच्या बोलण्याची होती. त्या साक्कोट्टैला राहतात. कुंभकोणमहून दक्षिणेला निघून अरसलार ओलांडली की हे गाव लागतं. भाताची खाचरं, अमृतकलशनाथाचं जुनं देऊळ, आणि रस्त्याकडेच्या घरांना अजूनही कुठेकुठे शिल्लक असलेली तिण्णै, म्हणजे आपली ओसरी. अम्मांचं वय ब्याऐंशी. गेल्या दोन वर्षांत त्यांच्या तोंडून वस्तूंची नावं निसटायला लागली. डॉक्टरांनी सांगितलं की हे वाढत जाईल, किती वेगाने ते सांगता येत नाही. मी भाषांतराचं काम कुठूनही करू शकते, म्हणून वर्षातले काही महिने मी त्यांच्याकडे असते. आणि भाचा चेन्नईतल्या एका कंपनीचं काम घरी बसून करतो, तो तिथेच असतो. मी त्याची मामी. या लेखात मला जे संगणकातलं कळल्यासारखं वाटेल, ते त्याने तिण्णैवर बसून, बहुतेक वेळा वीज गेलेली असताना समजावलेलं आहे.

अम्मांची मराठी ही तंजावरची मराठी. व्यंकोजीराजे १६७० च्या दशकात तंजावरला आले, त्यांच्यामागून कारभारी, कारकून, पुराणिक, स्वयंपाकी आले आणि राहिले. १८५५ मध्ये कंपनी सरकारने ते राज्य संपवलं तरी माणसं राहिलीच. बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर भोसल्यांच्या घराण्याची हकिगत १८०३ साली मराठीत कोरलेली आहे, सरस्वती महाल ग्रंथालयात मोडीचे रुमाल आहेत. आणि कुंभकोणमला १८२८ मध्ये जन्मलेले सर टी. माधवराव याच समाजातले, त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी केलेले. म्हणजे ही भाषा दगडावर आहे, कागदावर आहे, इतिहासात आहे. फक्त ती आता बोलतं कोण, हा प्रश्न आहे. बोलणारे घरात बोलतात, दार उघडलं की तमिळ. लिहायची वेळ आली तर पुष्कळ जण तमिळ लिपीत लिहितात, कारण शाळेत तीच शिकलेली. अम्मांची स्वयंपाकाची वही अशीच आहे. भाषा मराठी, लिपी तमिळ. डांगर पच्चडीची कृती त्यात पहिल्याच पानावर आहे. हा पदार्थ इथल्या मराठी घरांतून तमिळ घरांत गेला आणि आता भाच्याचे पुण्या-मुंबईचे मित्र त्याच्या फोटोखाली इंग्रजीतलं ‘डेंजर’ वाचून हसतात.

तर आम्ही ठरवलं की अम्मांचं बोलणं ध्वनिमुद्रित करायचं, मी ते देवनागरीत उतरवून घ्यायचं आणि भाच्याने त्यातून शब्दांची यादी काढायची: कोणता शब्द, किती वेळा, कोणत्या वाक्यात. यादीने काही वाचतं का, याबद्दल मला शंका होती आणि आहे. पण अम्मांना विचारायला जे शब्द आहेत ते आत्ताच विचारायचे, आणि काय विचारायचं राहिलं हे कळायला आधी काय आलंय ते दिसायला हवं. त्यासाठी मोजदाद लागते. आणि मोजदादीची सुरुवातच ‘मर’पासून झाली.

पुढे जाण्याआधी भाच्याबद्दल थोडं. त्याला संगणकाच्या भाषांचं वेड लागलं ते कॉलेजात असताना ‘एळिल’मुळे. एळिल ही तमिळ शब्दांत प्रोग्रॅम लिहायची भाषा, मुत्तय्या अण्णामलै यांनी तयार केलेली आणि २०१३ पासून मुक्त स्रोत म्हणून सगळ्यांना खुली. तिचा दुभाषा, म्हणजे इंटरप्रीटर, पायथनमध्ये लिहिलेला आहे. भाच्याने मला तिचे कळीचे शब्द दाखवले तेव्हा मी हातातला चहा विसरले. इंग्रजी भाषांत जिथे ‘प्रिंट’ असतं तिथे एळिलमध्ये ‘पदिप्पि’ आहे. तमिळमध्ये पदिप्पि म्हणजे छाप, प्रकाशित कर. पडद्यावर दोन अधिक दोन चार उमटवायचे तरी ते ‘प्रकाशित’ करायचे! शेवटाला ‘मुडि’, संपव. (मुडि म्हणजे केसही, पण यंत्राला एवढी चावट शंका येत नाही.) आणि ‘इफ’च्या जागी ‘आनाल्’.

या ‘आनाल्’वर मी एक संध्याकाळ घालवली. रोजच्या तमिळमध्ये आनाल् म्हणजे ‘पण’. पण त्याची घडण ‘आगु’, होणे, या धातूपासून, आणि अक्षरशः अर्थ ‘झाल्यास’. कथेचं भाषांतर करताना या दोन अर्थांमध्ये मी कितीदा अडखळले असेन. एळिल बनवणाऱ्यांनी तो शब्द अटीसाठी घेतला तो घेतला, शिवाय त्याची जागाही तमिळच ठेवली. इंग्रजी वळणाच्या भाषांत आधी ‘इफ’ येतं, मग अट. एळिलमध्ये आधी कंसात अट, आणि मग ‘आनाल्’. वाक्य तमिळ माणसाच्या तोंडून जसं येईल तसंच. शब्द बदलणं सोपं असतं. जागा बदलायची म्हणजे दुभाष्याच्या आत हात घालावा लागतो, कारण वाक्यात पुढे काय येणार याची त्याची अपेक्षा व्याकरण म्हणून लिहून ठेवलेली असते.

भाच्याने मग विचारलं, मराठीत असं केलं तर? मी पटकन ‘जर’ आणि ‘तर’ म्हणणार होते. पुस्तकात तसंच असतं. पण अम्मा आत कामवाल्या बाईला सांगत होत्या, पाऊस आला तर कपडे काढ, नाहीतर भिजतील. ‘जर’ कुठेच नाही. आपण कुणीच बोलताना जर लावत नाही. जर हा निबंधातला आणि करारपत्रातला शब्द. बोलण्यात अट आधी, मागून ‘तर’. म्हणजे इथेही आनाल्चीच जागा. आणि इंग्रजी ‘एल्स’साठी ‘नाहीतर’, ज्याच्या पोटात नकार आणि अट दोन्ही जोडून बसलेत. मला वाटतं मराठी संगणकभाषा कुणी कधी गांभीर्याने केली तर तिचा पाया या ‘तर’ आणि ‘नाहीतर’वर घालावा. केवळ इंग्रजी शब्दांवर मराठी पाट्या लावून काही होणार नाही. तशा पाट्या सरकारी कार्यालयांत पुष्कळ आहेत.

आता ‘मर’कडे.

भाच्याला पहिल्यांदा वाटलं की मी उतरवलेल्या मजकुरातच काही तरी गफलत आहे. मग फॉन्ट. मग फाइल कोणत्या सांकेतिक पद्धतीने साठवली आहे ते. सगळं ठीक निघालं. प्रोग्रॅममध्ये शब्द शोधायचं काम एका छोट्या खुणेवर सोपवलेलं होतं: उलटी तिरकी रेघ आणि इंग्रजी डब्ल्यू. पायथनमध्ये या खुणेचा अर्थ ‘शब्दात बसणारं कोणतंही चिन्ह’. जगभरचे प्रोग्रॅमर ती दिवसातून दहा वेळा लिहितात. भाच्याने तीच खूण देऊन तमिळ लिपीतला ‘तमिळ’ हा शब्द तपासला. तोही तुटला: ‘तम’ आणि ‘ळ’. मला हे ऐकून थोडं बरं वाटलं हे कबूल करायला हरकत नाही. निदान शेजाऱ्यांचीही तीच गत होती.

दुसऱ्या दिवशी त्याने पायथनचा मूळ स्रोत उतरवून घेतला. मुक्त स्रोत म्हणजे काय हे मी पन्नास वेळा ऐकलं होतं. पण एखाद्या भाषेचं पोट असं उघडं करून समोर ठेवता येतं, हे पाहिलं तेव्हा पहिल्यांदा समजलं. मराठीच्या बाबतीत मला हे कधीच करता येणार नाही. ‘मी पाहिला’ आणि ‘मी पाहिलं’ यांत नेमकं काय बदलतं हे सांगायला मी व्याकरणाची पुस्तकं धुंडाळीन, पण ज्या यंत्रणेतून माझ्या तोंडी ते वाक्य येतं ती उघडून बघायची सोय नाही. पायथनची आहे. आपण लिहिलेली ओळ ती आधी सुट्या सुट्या तुकड्यांत तोडते, मग त्यांचा वाक्यवृक्ष बांधते, मग त्याचं स्वतःच्या एका आतल्या, आटोपशीर बोलीत रूपांतर करते आणि शेवटी ती बोली एकेक पाऊल पार पाडते. दुभाषी माणूसही हेच करतो. वक्ता बोलत असताना तो वहीत स्वतःच्या खुणांनी टिपणं काढतो आणि मग त्या टिपणांवरून बोलतो. पायथनची ही टिपणं मागितली तर दाखवली जातात. माझी टिपणं मीसुद्धा दुसऱ्या दिवशी वाचू शकत नाही.

स्रोत सी भाषेत आहे. भाच्याने तो चुका शोधायच्या खास पद्धतीने बांधायला घेतला. निम्म्यात वीज गेली, इन्व्हर्टरने तग धरला, पंखा बंद ठेवून बांधणी पूर्ण झाली. मग त्याने एक डिबगर जोडला आणि त्याला सांगितलं, एखादं चिन्ह अक्षर आहे का असा प्रश्न जिथे विचारला जातो, तिथे दर वेळी थांब. ‘मराठी’ हा शब्द आत सोडला. यंत्र थांबलं आणि एक आकडा दाखवला: २३५०. तो ‘म’. अक्षर आहे का? होय. पुढे २३५२, ‘र’. होय. पुढे २३६६, हा काना. अक्षर आहे का? नाही. मग यंत्राने आणखी तीन प्रश्न विचारले: दशमान अंक आहे का, नुसता अंक आहे का, संख्या दाखवणारं चिन्ह आहे का? नाही, नाही, नाही. इथे शब्द संपला, ‘मर’ बाहेर काढून ठेवला. २३३६, ‘ठ’, होय. २३६८, दीर्घ वेलांटी, नाही. खेळ खलास.

मी भाच्याला म्हटलं, कान्याला अक्षर नाही म्हणणारा हा कोण? तो शोध घेत घेत आम्ही एका फाइलीपाशी पोचलो. युनिकोडच्या प्रत्येक चिन्हाला एक वर्ग दिलेला असतो. या फाइलीतला प्रोग्रॅम ते वर्ग वाचून तक्ता बनवतो. कुणाला ‘अक्षर’ म्हणायचं हे तिथे एका ओळीत आहे, पाच वर्गांची यादी: मोठी अक्षरं, लहान अक्षरं, शीर्षकातली, बदल दाखवणारी आणि ‘इतर’. जिला मोठं-लहान असं काही नसतं ती आपली सगळी व्यंजनं आणि सुटे स्वर या ‘इतर’मध्ये. काना, मात्रा, उकार, वेलांटी, अनुस्वार, हलन्त मात्र दुसऱ्याच घरात: ‘खूण’. त्यातही जागा घेणारी खूण आणि जागा न घेणारी खूण असे दोन उपवर्ग. काना जागा घेतो, मात्रा घेत नाही. पाच वर्गांच्या त्या यादीत हे दोन नाहीत. बस, एवढंच.

युनिकोडला मी दोष देत नाही. त्याने वर्ग पाडले, वर्गीकरण करणाऱ्याला कुठे तरी रेघ ओढावीच लागते. उलट, शब्दातली चिन्हं शोधताना खुणाही धरा, असं युनिकोडच्याच मार्गदर्शक पत्रकात स्पष्ट आहे, आणि पर्ल ही भाषा ते पाळते. प्रश्न त्या पाच वर्गांपाशी थांबलेल्या मनाचा आहे. ज्याच्या लिपीत स्वर हे स्वतंत्र, रांगेत उभे राहणारे नागरिक आहेत, त्याला खूण म्हणजे फ्रेंच ‘ए’वरची टोपी वाटते, काढली तरी शब्द ओळखू येतो. आपल्याकडे बाराखडीत क, का, कि, की ही बारा वेगळी अक्षरं म्हणून पोरं ओरडून पाठ करतात. तमिळ व्याकरण तर याहून थेट आहे. स्वराला ते ‘उयिर्’ म्हणतं, जीव. व्यंजनाला ‘मेय्’, देह. दोघांचं मिळून ‘उयिर्मेय्’. बारा स्वर, अठरा व्यंजनं, त्यांची दोनशे सोळा उयिर्मेय् आणि एक आय्दम्, अशी एकूण २४७ अक्षरं तमिळ मूल शिकतं. आमचं यंत्र त्यातले देह तेवढे मोजत होतं.

इथे एक तिरपा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. संस्कृत ही संगणकासाठी जगातली सर्वोत्तम भाषा आहे, हा निरोप मला वर्षातून चार वेळा तरी येतो. पाणिनीची सूत्रं आणि संगणकभाषांचं व्याकरण लिहायची बॅकस यांची पद्धत यांतलं साम्य १९६७ मध्येच इंगरमन नावाच्या संगणकतज्ज्ञाने एका पत्रात दाखवलं होतं आणि त्या पद्धतीला पाणिनीचंही नाव जोडावं असं सुचवलं होतं. ते साम्य खरं आहे, सुंदरही आहे. पण ‘संस्कृतम्’ हा शब्द आमच्या तिण्णैवरच्या लॅपटॉपला दिला तर त्याचे चार तुकडे होतात: ‘स’, ‘स’, ‘क’, ‘तम’. अभिमानाचे निरोप पाठवणाऱ्यांपैकी एकानेही ही तक्रार नोंदवलेली मला माहीत नाही.

तक्रार मात्र नोंदलेली होती. पायथनच्या दोषांच्या सार्वजनिक नोंदवहीत भाच्याला ती सापडली: २००७ सालची, आणि नेमकी देवनागरीबद्दलच. शब्दांचे बारीक तुकडे होतात, कारण काना वगैरे खुणा शब्दात धरल्या जात नाहीत, अशा आशयाची. त्यानंतर २०११ मध्ये दुसऱ्या कुणी तरी युनिकोडच्या नियमांचा आधार देऊन तीच गोष्ट जास्त कडक शब्दांत मांडलेली. गंमत अशी की त्याच २००७ साली पायथनमध्ये दुसरा एक प्रस्ताव आला, प्रोग्रॅममधल्या नावांसाठी जगातली कोणतीही लिपी चालावी असा. तो मान्य झाला आणि २००८ अखेरीस आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून लागू आहे. त्यामुळे आज पायथनमध्ये ‘मराठी’ हे एखाद्या राशीचं नाव म्हणून बिनदिक्कत वापरता येतं. ओळ तोडणारा विभाग काना-वेलांटीसकट ते एकच नाव मानतो. त्याच घरातला शब्द शोधणारा विभाग ‘मर’ म्हणतो. एकाच वाड्यात दोन जावा, एकीच्या चुलीवर जे चालतं ते दुसरीच्या चालत नाही. आणि वाडा अठरा माणसांनी बांधलेला असला की असं होतंच.

मग दुरुस्त का झालं नाही? भाच्याने स्वतः करून पाहिलं. त्या यादीत दोन वर्ग वाढवले, तक्ते पुन्हा तयार केले, पुन्हा बांधणी. ‘मराठी’ अखंड आली. अम्मा ‘अम’ आणि ‘म’ राहिल्या नाहीत, सलग झाल्या. आम्ही दोघं लहान पोरांसारखे ओरडलो आणि आतून अम्मांनी काय झालं रे म्हणून विचारलं. मग त्याने पायथनसोबत येणाऱ्या चाचण्या चालवल्या. त्यात एक चाचणी अशी आहे की ती युनिकोडमधल्या अकरा लाखांवर जागांना एकेक करून हेच प्रश्न विचारते, अक्षर आहेस का, अंक आहेस का, आणि सगळ्या उत्तरांचा मिळून एक ठसा काढते. ठरलेल्या ठशाशी तो जुळला पाहिजे. आमचा जुळला नाही, जुळणारच नव्हता.

त्या चाचणीकडे बघताना मला आमच्या धंद्यातली प्रमाणित संहिता आठवली. एखाद्या पोथीत चुकीचा पाठ तीनशे वर्षं म्हटला गेला की त्यावर टीका लिहिल्या जातात, चाली लागतात, व्रतं बेतली जातात. संपादक म्हणतो, हा पाठ भ्रष्ट आहे. भक्त म्हणतो, आम्ही यावरच जगलो. पायथनवर जगभरात न मोजता येतील इतके प्रोग्रॅम उभे आहेत. काना अक्षर नाही या समजावर त्यांतले काही नकळत टेकलेले असतील. आज काना अक्षर झाला तर कुठे तरी, कुणाच्या तरी बँकेत किंवा रुग्णालयात, एखादी यादी वेगळी तुटेल. भाषा सांभाळणाऱ्यांची भीती मला समजते. तरी माझं मत त्यांच्या बाजूने पडत नाही. जुन्या चुकीवर टेकलेल्यांची गैरसोय दिसते, कारण ती तक्रार करते. जे त्या चुकीमुळे आधीच बाहेर राहिले त्यांची गैरसोय दिसत नाही, कारण ते वैतागून पर्यायी वाट काढतात आणि गप्प बसतात.

पर्यायी वाट आम्हीही काढली. दुसऱ्या कुणी तरी लिहिलेलं ‘रिजेक्स’ नावाचं एक जोडसाहित्य आहे, ते या खुणा धरतं. एक ओळ बदलली आणि यादी सरळ झाली. भाच्याला ते आवडलं नाही. त्याचं म्हणणं, मामी, ही वाट ज्याला माहीत आहे त्याच्यासाठी आहे. उद्या मडिकेरीत किंवा इंफाळमध्ये कुणी आपल्या आजीचे शब्द मोजायला बसेल, त्याला पुन्हा ‘मर’ येणार. त्याने आपली दुरुस्त प्रत ठेवून दिली आहे. आता तो अक्षराची व्याख्या तशीच ठेवून फक्त शब्द शोधणारा विभाग बदलता येतो का ते बघतो आहे, म्हणजे कमी घरं हलतील. रोज रात्री कंपनीचं काम संपल्यावर एक तास.

यादी सरळ झाल्यावर दुसरी गंमत निघाली. ‘दुसऱ्या’ हा शब्द यादीत दोनदा आला, दिसायला हुबेहूब. मी काही मजकूर फोनवर उतरवला होता, काही लॅपटॉपवर. मराठीतला हा आडवा, पापणीसारखा रफार दोन तऱ्हांनी टंकता येतो: एका कळफलकात त्यासाठी नुक्त्याचा वेगळा ‘र’ आहे, दुसऱ्यात साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे एक अदृश्य सांधा घालतात. डोळ्यांना एक, यंत्राला दोन. हा अदृश्य सांधा नावात आला तर पायथन सरळ चूक दाखवतो, न दिसणारं चिन्ह चालणार नाही म्हणून. हिंदीला या रफाराची गरजच नाही. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक मराठीला आणि अशा मोजक्याच भाषांना लागतो. भाच्याने सांधेवाले सगळे शब्द एका घरात आणले. मी त्याला विचारलं, हे तू कुठल्या नियमाने केलंस? तो म्हणाला, तुमच्या.

आता यादीत सव्वादोन हजार शब्द आहेत. काही पुण्यातल्या माझ्या आजीच्या तोंडी असलेले, जे मी स्वतः कधी वापरले नाहीत. काही तमिळ, पण मराठी प्रत्यय लावून: ‘तिण्णैवर’. यादीत ‘तिण्णैवर’ मराठी की तमिळ, असा रकाना भाच्याने केला होता. तो मी काढायला लावला.

ही यादी अम्मांना दाखवायची तर तमिळ लिपीत हवी. देवनागरी त्यांना येते, पण सावकाश, आणि हल्ली सावकाश वाचताना वाक्याची सुरुवात हरवते. भाच्याने लिप्यंतराचा प्रोग्रॅम लिहिला. तमिळ लिपीत क, ख, ग, घ यांना एकच अक्षर. ट, ठ, ड, ढ यांनाही एकच. छापून आलेल्या पानावर कडी, कढी, खडी, गडी, गढी आणि घडी हे सहा शब्द ओळीने उभे होते, सहाही अगदी एकसारखे. तमिळमध्ये त्याचा अर्थ ‘चाव’. अम्मांनी पान हातात घेतलं, चष्मा सारखा केला आणि पहिलंच वाचलं: कढी. दुसरं वाचलं: पुन्हा कढी. मग थांबल्या. भाच्याला म्हणाल्या, सहादा कढी कशाला लिहिलीस?

मी समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि देवघरातून स्तोत्रांचं पुस्तक आणायला सांगितलं. तमिळ लिपीत छापलेली संस्कृत स्तोत्रं; त्यात अक्षराच्या खांद्यावर बारीक आकडे असतात. नुसतं असेल तर क, दोन असेल तर ख, तीन ग, चार घ. तंजावर-कुंभकोणम भागात पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी असंच वाचलं. अम्मांनी बोट ठेवून दाखवलं, असं कर.

भाच्याने त्या रात्री आकडे घातले. मग सवयीने ती नवी यादी पायथनच्या मूळ, न दुरुस्त केलेल्या प्रतीतून काढून पाहिली, त्याच जुन्या खुणेने. शब्द अर्थात तुटलेच, वेलांट्या गळून पडल्या. पण खांद्यावरचे सगळे आकडे शाबूत होते. चार प्रश्नांतल्या तिसऱ्याला, अंक आहे का, त्यांचं उत्तर होय असतं. घडीतला ‘घ’ आपला चार घेऊन उभा होता, ‘ड’ आपला तीन. मधली वेलांटी तेवढी नव्हती. भाच्याने तो पडदा तसाच ठेवला, मला हाक मारली, आणि नोंदवहीसाठी उदाहरण म्हणून हे घालू का असं विचारलं. घाल म्हटलं. सकाळी अम्मांनी छापील पान घेऊन सहाच्या सहा शब्द वाचले, आणि ‘गढी’पाशी आल्यावर, आपल्या माहेरच्या गढीत किती खांब होते ते आठवायला बसल्या. ध्वनिमुद्रण सुरू केलं.